कोवाडहून बेळगावला शिकायला येणाऱ्या मुलीची खोली: केव्हा, कोठे आणि कोणत्या अटींवर

चंदगड तालुक्यातील कोवाडजवळच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेची परीक्षा देत असून पुढील शैक्षणिक वर्षापासून तिला बेळगावात ठेवायचे आहे. टिळकवाडीत बी.एस्सी., उद्यमबागेत अभियांत्रिकी किंवा नेहरूनगरात फार्मसी, यांपैकी काय मिळेल ते निकालावर ठरेल. एका पी.जी. (पेइंग गेस्ट) चालकाने मात्र आतापासूनच सांगितले आहे की वर्षाचे निम्मे पैसे आज भरले नाहीत तर मे महिन्यात जागा उरणार नाही. तेव्हा पैसे भरावेत काय, आणि वसतिगृह, पी.जी. व स्वतंत्र खोली यांत मुलीसाठी बरे काय?

उत्तर देण्यापूर्वी माझी बाजू सांगून ठेवतो. मी सात वर्षे एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो आणि त्यानंतर गेली एकोणीस वर्षे टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या माडीवरील चार खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने देत आहे. म्हणजे मी घरमालक आहे, आणि घरमालकाचा सल्ला ज्या सावधपणे ऐकायचा तितक्याच सावधपणे हा ऐकावा.

आपण विचारले आहे की पैसे भरावेत काय. पण त्याच्या मुळाशी असलेली अडचण वेगळी आहे. प्रवेश कोठे मिळणार हे निश्चित नसताना राहण्याची जागा निश्चित करण्याची घाई आपल्यावर लादली जात आहे. बेळगाव हे पुण्यासारखे मोठे शहर नसले तरी नेहरूनगर आणि उद्यमबाग ही त्याची दोन टोके आहेत, आणि एका टोकाला खोली व दुसऱ्या टोकाला महाविद्यालय अशी गाठ पडली तर सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचे रोजचे दोन तास बसमध्ये जातात. म्हणून निम्म्या वर्षाचे पैसे आज भरू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. खानापूर तालुक्यातील एका पालकांनी काही वर्षांपूर्वी असेच मे महिन्यात एका ठिकाणी सगळ्या वर्षाचे पैसे भरले होते. मुलाला प्रवेश हुबळीत मिळाला आणि भरलेल्यापैकी निम्मी रक्कम परत मिळवण्यासाठी त्यांना दिवाळीपर्यंत खेपा घालाव्या लागल्या. त्यांच्याकडे पावती होती, पण पावतीवर परतीची अट नव्हती.

याचा अर्थ निकाल लागेपर्यंत स्वस्थ बसावे असा नाही. बेळगावातील चांगल्या खोल्या दारावर पाटी लागण्याच्या आधीच जातात. शेवटच्या वर्षाची मुले खोली सोडताना आपल्याच गावच्या किंवा आपल्याच वर्गाच्या खालच्या मुलांना आणून मालकाशी गाठ घालून देतात, आणि मालकालाही ओळखीचा माणूस बरा वाटतो. माझ्या चार खोल्यांपैकी दोन गेली कित्येक वर्षे अशाच चंदगड-आजऱ्याकडच्या मुलांच्या हातून हातात गेल्या आहेत. त्यांसाठी मी कधी पाटी लावलेली नाही. आपल्या पंचक्रोशीतली कोणती मुलगी सध्या बेळगावात शिकते आणि यंदा शेवटच्या वर्षाला आहे, याची चौकशी आत्ता, ती येथे राहत असतानाच करावी. ती आपल्याला जागाच नव्हे, तर मालक कसा आहे आणि मेसची आमटी डिसेंबरातही तशीच असते का, हेही सांगेल.

तेव्हा आत्ता जागा पाहून ठेवाव्यात, दोन-तीन मालकांशी बोलून ठेवावे, आणि पैसे द्यावेच लागले तर एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त बयाणा देऊ नये. बयाण्याच्या पावतीवर "अमुक तारखेपर्यंत प्रवेश न मिळाल्यास इतकी रक्कम कापून उरलेली परत" एवढे एक वाक्य लिहून घ्यावे. मी स्वतः चौथा हिस्सा कापतो, कारण तोवर मी दुसऱ्याला नाही म्हटलेले असते. जो मालक हे वाक्य लिहून द्यायला तयार नाही, त्याचे उत्तर आपल्याला तेथेच मिळाले असे समजावे. पी.जी.वाल्यांची आणखी एक जुनी सवय म्हणजे रकमेवर वरून जीएसटी सांगणे. माणशी महिना वीस हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग नव्वद दिवसांपेक्षा कमी नसलेल्या निवासाला २०२४ च्या जुलैपासून हा कर माफ आहे. तेव्हा तो निमूटपणे देऊ नये.

आता कोठे पाहावे. प्रवेश टिळकवाडीत झाला तर बी.एस्सी.साठी आर.पी.डी. क्रॉसच्या आसपासचा पायी चालण्याजोगा भाग उत्तम, जी.एस.एस., आर.पी.डी. आणि गोगटे वाणिज्य ही महाविद्यालये सगळी याच बाजूला असल्यामुळे खानावळी, झेरॉक्सची दुकाने आणि मुलींची वर्दळ, तिन्ही येथे आहेत. उद्यमबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी तिसऱ्या रेल्वे गेटपलीकडचा भाग, अनगोळ आणि भाग्यनगर सोयीचे आहेत. खुद्द उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत असल्याने तेथेच खोली घेण्याचा आग्रह मी मुलींच्या बाबतीत धरत नाही, कारण पाळी सुटण्याची वेळ संपली की काही रस्ते एकदम रिकामे होतात. नेहरूनगरात प्रवेश मिळाला तर हा सगळा भाग विसरून सदाशिवनगर, शिवबसवनगर, अझमनगर याच बाजूला पाहावे. टिळकवाडी ओळखीची म्हणून तेथे खोली आणि नेहरूनगरात कॉलेज असे करू नये. मध्ये सारे शहर आणि बहुधा मध्यवर्ती बसस्थानकावर बस बदलणे येते.

शहापूर, वडगाव, खासबाग या जुन्या वस्त्यांत भाडे कमी असते आणि माणसे मायाळू असतात, पण त्या विणकरांच्या वस्त्या आहेत. वडगावातल्या एका खोलीत मी एकदा माझ्या भाचीसाठी जागा पाहायला गेलो होतो. खोली स्वच्छ होती, खिडकीत तुळस होती आणि मालकीणबाईंनी चहा ठेवला होता. तो येईपर्यंत पलीकडच्या भिंतीआड यंत्रमाग सुरू झाला आणि टेबलावरच्या पेल्यातले पाणी थरथरू लागले. मालकीणबाईंना तो आवाज ऐकूच येत नव्हता, कारण त्या त्यातच लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. भाचीने नकार दिला. तिच्याच वर्गातली एक मुलगी मात्र त्याच गल्लीत तीन वर्षे राहून उत्तम गुणांनी पास झाली. मला एवढेच म्हणायचे आहे की अशा भागात खोली सुट्टीच्या दिवशी पाहू नये, माग चालू असताना पाहावी.

खोली पाहताना पालक बहुधा भिंतीचा रंग आणि पंखा पाहतात. मी पाणी पाहायला सांगतो. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून येते; २००८ पासून शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पुरवठा आहे आणि इतर भागांत नळ काही दिवसांच्या अंतराने येतो. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना हा फरक असू शकतो. म्हणून "पाणी आहे का?" असे न विचारता "नळ शेवटचा कधी आला होता आणि पुढे कधी येईल?" असे विचारावे, आणि गच्चीवरच्या टाकीवर किती जण अवलंबून आहेत ते मोजावे. जुन्या घरांत विहीर असते आणि ती मोठा आधार असते. आमच्याकडे प्यायला नळाचे आणि धुण्याला विहिरीचे, असा नियम आहे, आणि रविवारी सकाळी रहाटाच्या कुरकुरीवरून मुले उठल्याचे मला खाली कळते.

दुसरी गोष्ट ओल. आपण मार्चमध्ये खोली पाहणार, तेव्हा बेळगावात सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात. जून ते सप्टेंबर येथे जो पाऊस लागतो तो चंदगडच्या माणसाला सांगायला नको. पण घरच्या पावसात चूल असते, कपडे वाळवायला माळा असतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत यांतले काही नसते. पश्चिमेकडची भिंत पाहावी, कपाट थोडे पुढे ओढायला लावून त्यामागे हात फिरवावा, आणि छताच्या कोपऱ्यात पिवळट कडा असलेला डाग आहे का ते पाहावे. नुकताच रंग दिलेला असेल तर एकाच भिंतीला का दिला, हे विचारावे. मंगळुरी कौलांची घरे उन्हाळ्यात गार असतात, पण कौले दर वर्षी मेमध्ये चाळावी लागतात. ती कधी चाळली हे मालकाला तोंडपाठ असले पाहिजे. आंघोळीच्या गरम पाण्याचेही तसेच आहे. गच्चीवर सोलर आहे एवढे ऐकून समाधान मानू नये, कारण जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. तेव्हा बंब पेटतो की गीझर लागतो, आणि त्याचा खर्च कोणाचा, हे ठरवून घ्यावे.

विजेचा प्रश्न महाराष्ट्रातून येणाऱ्या पालकांना नवा असतो. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. तिच्यात घरगुती मीटरला, २०२२-२३ या वर्षाच्या सरासरी वापरावर दहा टक्के धरून, दोनशे युनिटांच्या मर्यादेत वीज मोफत मिळते. महिन्याचा वापर दोनशेच्या वर गेला तर पूर्ण बिल भरावे लागते. भाडेकरूलाही हा लाभ घेता येतो. व्यवहारात यातून दोन प्रकार घडतात. काही मालकांना शून्याचे बिल येते आणि तरी ते मुलांकडून दरमहा विजेचे ठरावीक पैसे घेतात. काही ठिकाणी मालकाचे घर आणि पाच खोल्या एकाच मीटरवर असतात, एखादी मुलगी इंडक्शन शेगडी आणते, आकडा दोनशेच्या पुढे जातो आणि मग सगळ्यांत भांडण लागते. म्हणून खोलीला वेगळे मीटर आहे का ते पाहावे आणि नसल्यास मागच्या दोन-तीन महिन्यांची हेस्कॉमची, म्हणजे येथील वीज कंपनीची, बिले दाखवायला सांगावे. मागितल्यावर राग येणारा मालक पुढे कोणत्याही गोष्टीवर रागावेल.

वसतिगृह, पी.जी. की खोली, याचे एकच उत्तर नाही. मुलीचा स्वभाव, तिला स्वयंपाक किती येतो आणि आपली ऐपत यांवर ते अवलंबून आहे. महाविद्यालयाचे स्वतःचे वसतिगृह मिळत असेल तर पहिल्या वर्षी तेच घ्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि हे मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध सांगत आहे. पहिल्या सत्रात मुलीला पुस्तकांपेक्षा माणसांची जास्त गरज असते, आणि आजारी पडली तर रात्री दार ठोठावायला कोणीतरी हवे. मागासवर्ग कल्याण आणि समाजकल्याण खात्यांची शासकीय वसतिगृहेही येथे आहेत, परंतु ती कर्नाटकचे जात व उत्पन्नाचे दाखले मागतात. महाराष्ट्राच्या दाखल्यांवर त्यांची आशा धरू नये. हे वाचणाऱ्या खानापूर-निपाणीकडच्या मागासवर्गीय पालकांनी मात्र तेथे अर्ज जरूर करावा, आणि जागा न मिळाल्यास विद्यासिरी योजनेत दरमहा साहाय्य मिळते, तेही पाहावे.

पी.जी. आणि खोली यांची तुलना मासिक भाड्यावर करू नये, वर्षाच्या एकूण खर्चावर करावी. केवळ उदाहरणासाठी आकडे धरू. समजा पी.जी. जेवणासह महिना साडेसात हजार आहे, आणि दोघींच्या खोलीचे भाडे सहा हजार, म्हणजे एकीचे तीन हजार. मेसचे तीन हजार दोनशे आणि वीज-पाण्याचे चारशे धरले तर महिना सहा हजार सहाशे होतात. पण खोलीचे भाडे करारानुसार अकरा महिने द्यावे लागते, मेस आणि वीज मात्र मुलगी येथे असेल तेवढेच, म्हणजे सुमारे नऊ महिने. ही बेरीज पासष्ट हजार चारशे होते. पी.जी. दहा महिन्यांचे पंचाहत्तर हजार होते, आणि बाराही महिन्यांचे मागितले तर नव्वद हजार. एकाच पी.जी.च्या दोन अटींत पंधरा हजारांचा फरक पडतो; म्हणून पी.जी. चालकाला पहिला प्रश्न "किती?" हा विचारण्यापेक्षा "किती महिन्यांचे?" हा विचारावा. दुसरा प्रश्न, मुलगी आठ दिवस गावी गेली तर मेसचे पैसे वजा होतात का आणि रविवारी संध्याकाळी जेवण मिळते का.

करारपत्राबद्दल थोडे. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, म्हणून सगळे अकरा महिन्यांचा करतात. त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. येथील कागद बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. सही करण्यापूर्वी तो कोणाकडून तरी शब्दशः वाचून घ्यावा, विशेषतः अनामत रक्कम केव्हा परत मिळेल आणि त्यातून काय काय वजा होईल, हा भाग. पाटीवर "मने बाडिगेगे इदे" असे लिहिले असेल तर ते घर भाड्याने आहे. पण कोणी "लीजवर आहे" म्हटले तर सावध व्हावे. आपल्याकडे लीज म्हणजे कोणताही भाडेपट्टा. येथे त्या शब्दाचा अर्थ एकरकमी काही लाख रुपये मालकाकडे ठेवायचे, महिन्याला भाडे द्यायचे नाही आणि मुदत संपल्यावर रक्कम परत घ्यायची, असा होतो. दोन भावंडे एकत्र शिकत असतील तर काही पालकांना हा सौदा परवडल्यासारखा वाटतो, परंतु घर बँकेकडे गहाण असेल तर आपली रक्कम कोणाच्या भरवशावर आहे, याचा विचार करावा. एका मुलीसाठी याच्या वाटेला जाऊच नये.

आणखी एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो आहे. एके वर्षी तीन मुलांना एक खोली एकाच कागदावर दिली. नोव्हेंबरात एक जण शिक्षण सोडून गेला आणि उरलेल्या दोघांवर तिघांचे भाडे आले. त्यांना ते जड गेले, मला सोडवत नव्हते, आणि फेब्रुवारीपर्यंत आम्ही जिन्यात एकमेकांना टाळत होतो. तेव्हापासून मी प्रत्येकाचा वेगळा कागद करतो आणि प्रत्येकाची अनामत वेगळी लिहितो. मैत्रिणीबरोबर खोली घेणार असाल तर आपणही हाच आग्रह धरावा.

राहता राहिला प्रश्न, रोज कोवाडहून ये-जा करता येणार नाही का. आपण तो विचारलेला नाही, पण खर्चाचा आकडा पाहिल्यावर घरात तो निघेल. येथे सीमा आडवी येते. महाराष्ट्राच्या एस.टी.तील महिलांची निम्म्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, आणि कर्नाटकच्या बसमधील महिलांचा मोफत प्रवास कर्नाटकच्या रहिवाशांसाठी असून त्यासाठी येथील पत्ता असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. केवळ तेवढ्यासाठी मुलीच्या आधारवरचा पत्ता बदलू नये. पुढे महाराष्ट्रातील दाखले आणि शिष्यवृत्त्यांच्या वेळी तेच अंगाशी येईल. प्रॅक्टिकल संपायला पाच वाजतात, आणि ताम्रपर्णीला पूर आला की कोवाडचे काय होते ते २०१९ मध्ये आपण पाहिलेच आहे. शिवाय सीमाप्रश्न तापला की दोन्ही बाजूंच्या बस थांबतात, जशा २०२२ च्या डिसेंबरात थांबल्या होत्या. त्यामुळे ये-जा हा पर्याय फार तर प्रवेश आणि खोली यांच्या मधल्या दोन-तीन आठवड्यांपुरता धरावा, तोही पाऊस पाहून.

पुढच्या आठवड्यात येणार असाल तर मुलीला बरोबर आणावे आणि कामाच्या दिवशी यावे. सकाळी नेहरूनगर, दुपारी टिळकवाडी आणि उद्यमबाग असा फेरा एका दिवसात होतो. तो रिक्षाने न करता बसने करावा, म्हणजे अंतर तिला स्वतःला कळेल. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, तेव्हा या तिन्ही ठिकाणांची नावे कन्नड लिपीत कशी दिसतात ते एका कागदावर कोणाकडून लिहून घेऊन तिच्या वहीत ठेवावे. खोली ठरलीच तर किल्ली घेताना मीटरवरचा आकडा मालकासमोर मोबाइलमध्ये टिपावा, आणि भिंतीवरचे डागही त्याच वेळी.